वाइडच्या वर, षटकाराच्या खाली

आपला षटकार बघायला लोक मैदानावर येतात, असं पंच स्वतःच सांगत, आणि गंमत म्हणजे ते खोटं नव्हतं. चेंडू सीमारेषेपार पडला की दुसरे पंच नुसते हात वर करतात. हे तसं करत नसत. आधी टोपी सारखी करत. मग दोन्ही हात बाजूंनी सावकाश चढत आणि डोक्याच्या वर जाऊन असे थांबत, की कुणी ओळंबा लावून दोन खांब रोवलेत. कोपर वाकलेलं नाही, बोटं फाकलेली नाहीत. ते बघून फलंदाजालाही वाटे, आपण मारला त्यापेक्षा षटकार जरा मोठाच झाला.

आठवडाभर त्यांचं काचेचं दुकान असे. खिडक्यांची तावदानं, आरसे, तसबिरींच्या काचा. हिऱ्याच्या कलमाने काचेवर एकच रेघ ओढायची, काच टेबलाच्या काठाशी सरकवायची, हलकेच दाबायची, आणि ती त्याच रेघेवर तुटली पाहिजे. या धंद्यात ज्याचं उभं आयुष्य गेलं त्याला वाकडं काही खपत नाही. रविवारी मात्र ते पंच. तेही इतकी वर्षं, की दुकानात येणारं गिऱ्हाईकसुद्धा "पंच, बाथरूमचा आरसा फुटलाय हो" असंच म्हणे.

आणि त्यांची बायको स्कोअरर. लग्न झाल्या झाल्या, नवरा रविवारी घरात का दिसत नाही ते बघायला ती मैदानावर गेली होती. त्या दिवशी स्कोअररचं पोट बिघडलं होतं. कुणीतरी तिच्या हातात पेन्सिल दिली, आणि ती पेन्सिल पुन्हा दुसऱ्या कुणाला मिळाली नाही.

या दोघांच्या संसाराइतकाच त्यांचा मैदानावरचा व्यवहारही ठरलेला होता. पंचाने खूण केली की ती दिसली आणि समजली, असं स्कोअररने तंबूतून कळवायचं. क्लबात याला 'पोच' म्हणत. पोच आल्याशिवाय पंचाने हात खाली आणायचा नाही आणि गोलंदाजाने पुढचा चेंडू टाकायचा नाही, ही क्लबाची शिस्त. बायको पोच द्यायला पांढरा रुमाल हलवी. सामना चालू असताना नवराबायकोत एवढंच बोलणं होई, आणि जाणकारांच्या मते त्यांचं इतकं सुरळीत बोलणं घरी कधी होत नसे.

अशा माणसाचा डावा खांदा गोठला.

आधी नुसता दुखला. मग शर्टाच्या बाहीत हात घालताना दुखला, मग कुशीवर झोपताना दुखला, आणि मग एक दिवस हात कमरेच्या वर जायलाच तयार होईना. डॉक्टर त्याला फ्रोझन शोल्डर म्हणाले. गिऱ्हाईकं काही वेगळंच म्हणाली. "पंच, भाव कमी करायच्या बाबतीत तुमचा हात आखडता होताच. आता नुसता बाहेरून दिसायला लागला."

गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. शेवटी भूल देऊन डॉक्टरांनी तो हात चहूबाजूंनी फिरवला आणि आत जे काही चिकटलं होतं ते मोकळं केलं. पंच शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "खांदा सुटला बरं का."

सुटला! शाळा सुटते, कैदी सुटतो, तसा. पंचांनी तो शब्द पक्का पकडला. त्यानंतर डॉक्टर आणखी बरंच काही बोलले. खरं काम आता सुरू होतंय, व्यायाम निदान वर्षभर चुकवायचा नाही, असं काहीतरी. पण सुटलेल्या माणसाचं लक्ष बोलण्याकडे कुठलं असायला? त्यांनी मनातल्या मनात टोपी घातलीसुद्धा होती.

नव्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात त्यांना आपण सुटलोय किती ते कळलं.

गोलंदाज होता बेकरीवाला आणि फलंदाज पोस्टमन. दोघांचं जुनं वैर. बेकरीवाल्याची पत्रं उशिरा येत, पोस्टमनचा पाव कडक निघे. बेकरीवाल्याने चेंडू टाकला, पोस्टमनने पुढे सरसावून असा हाणला, की तो कुंपणापलीकडच्या रस्त्यावर टप्पा खाऊन कुणाच्या तरी अंगणात गेला.

मैदान पंचांकडे बघू लागलं. वर्षभर हे सुख कुणाला मिळालं नव्हतं.

पंचांनी हात उचलले. उजवा झकास चढला आणि खांबासारखा उभा राहिला. डावाही चढायला लागला. खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकावी तसा अडकला. वरही जाईना, पंच खालीही आणीनात.

आता क्रिकेटमध्ये एक हात सरळ वर म्हणजे बाय, आणि एक हात आडवा म्हणजे नो-बॉल. म्हणजे पंच एका हाताने बाय देत होते, दुसऱ्याने नो-बॉल, आणि झालं होतं या दोन्हींपैकी काहीच नाही.

तंबूत रुमाल हलला नाही. बायकोने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रुमाल हलला नाही.

"पंच," बेकरीवाला हळूच म्हणाला, "तीन वाजले वाटतं?"

पंचांच्या कपाळावर घाम आला. हात दुखत होता हे खरं, पण त्याहून जास्त खुपत होतं ते हे, की एक हात असा आणि एक तसा. भिंतीवरची तिरकी तसबीर त्यांना बघवत नसे, तर स्वतःच तिरकी तसबीर होऊन भर मैदानात उभं राहणं कसं सोसवणार? दोन बाजू सारख्या व्हायलाच हव्या होत्या. डावा वर जात नव्हता. मग त्यांच्या त्या काटेकोर स्वभावाने, त्यांना न विचारताच, उजवा हात खाली आणला. अगदी डाव्याच्या पातळीत. दोन्ही हात आडवे, एका रेषेत, पट्टी ठेवून बघावं असे.

तंबूत रुमाल ताबडतोब फडफडला. दोन्ही हात आडवे म्हणजे वाइड. खूण स्वच्छ होती, पोचही स्वच्छ आली.

"वाइड?" पोस्टमन ओरडला. "चेंडू त्या घरातल्या कुत्र्याच्या ताटात पडलाय, आणि वाइड?"

पंच तरातरा तंबूपाशी गेले. "अगं, षटकार होता तो!"

"असेल," बायको म्हणाली.

"असेल काय? तू पाहिलास ना चेंडू कुंपणापार जाताना?"

"पाहिला की. चांगला लांब गेला."

"मग?"

"मग काय? चेंडू बघणं माझं काम नाही. तुमचे हात बघणं माझं काम. तुम्ही वाइड दिलात, मी पोच दिली."

"काकू, माझे सहा!" मैदानातून पोस्टमन.

"तुझ्या पंचांकडे माग," तंबूतून काकू.

शेवटी पंचांना ते तोंडाने सांगावं लागलं. "सहा." एवढा एक शब्द, तोही खाली बघत, शाळेत उठून पाढा चुकलेल्या पोरासारखा. बायकोने खोडरबर फिरवलं. सामना पुढे चालला. पण षटकार तोंडी दिल्याचं पंचांच्या कारकिर्दीत कधी घडलं नव्हतं.

सामना संपल्यावर क्लबाचे सचिव त्यांच्या खांद्यावर हात टाकून, चुकून डाव्याच, त्यांना बाजूला घेऊन गेले. सचिव दाताचे डॉक्टर. अजिबात दुखणार नाही असं म्हणत म्हणत दात काढायचा, ही त्यांची बोलण्याचीही पद्धत.

"पंच, मोसमाच्या फायनलला तुम्हीच उभे राहणार. यात दुमतच नाही. फक्त त्याआधी एकदा मैदानात उभं राहून मला षटकार करून दाखवा. वहिनींनी तंबूतून पोच दिली की आपण मोकळे."

"आणि नाही दिली तर?"

"तर वहिनींशेजारी एक खुर्ची रिकामी असतेच. शिवाय सावली."

पंचांना ती खुर्ची डोळ्यांसमोर दिसली. तिच्यावर उशीसुद्धा दिसली. तिथे बसलेला माणूस पुन्हा उठत नाही, हे त्यांनी क्लबातल्या दोन म्हाताऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं.

घरी जाताना त्यांनी सहज विचारल्यासारखं करत विचारलं, "तू पोच देशील ना?"

"षटकार दिलात तर देईन," बायको म्हणाली, आणि रस्त्याकडेची भाजी बघू लागली.

फिजिओथेरपिस्ट मुलगी त्यांच्या भाचीच्या वयाची होती. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून पंचही म्हणत. तिच्या खोलीत दाराच्या चौकटीला एक कप्पी आणि दोरी टांगलेली, भिंतीवर लाकडी पट्ट्यांची शिडी, टेबलावर रंगीत रबरी पट्टे. लहान मुलांची शाळा आणि पोलिसांची कोठडी यांच्या मधलं काहीतरी.

"डॉक्टर तर म्हणाले होते, सुटला," पंचांनी तक्रार मांडली.

"सुटला म्हणजे कुलूप निघालं, काका. दार वर्षभर उघडलं नव्हतं, बिजागऱ्या गंजल्यात. आता रोज थोडं थोडं ढकलायचं. जोरात ढकललंत तर सुजेल, सोडून दिलंत तर पुन्हा बसेल."

"किती दिवस?"

"दिवस मोजू नका. महिने मोजा. आणि तेही माझ्यासमोर नको."

पहिला व्यायाम म्हणजे भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि डाव्या हाताची बोटं कोळ्यासारखी भिंतीवरून चढवायची. पंच चढवू लागले. बोटं वर, आणखी वर, आणि बघता बघता पार वरच्या पट्टीला टेकली. पंचांनी विजयी मुद्रेने मागे बघितलं.

"काका, हात तिथेच आहे. तुम्ही वाकलात."

"मी? छे! बघा ना, हात जमिनीशी काटकोनात आहे. मापून घ्या."

"जमिनीशी आहे. तुमच्याशी नाही." ताईने एक हात त्यांच्या कमरेला लावला, दुसरा पाठीच्या पात्यावर, आणि त्यांना सरळ केलं. ते सरळ झाले आणि हात गपकन खाली आला. "शरीर लबाड असतं, काका. खांदा वळत नसला की पाठ वळते, मान वळते, टाचा उचलल्या जातात. सगळे मिळून खांद्याची हजेरी लावतात. खांदा मात्र गैरहजरच."

ही उपमा पंचांच्या वर्मी लागली, कारण खोटी हजेरी त्यांना स्वतःलाच चीड आणणारी गोष्ट होती.

घरी दुसरी कसरत. टेबलाला उजवा हात टेकवून कमरेत वाकायचं, डाव्या हातात पाण्याची बाटली धरायची आणि हात लोंबता सोडून लंबकासारखा झुलवायचा. शेजारीण एकदा दारातून डोकावली. "काही हरवलं का हो, भाऊजी?"

"हो," खाली वाकलेले पंच म्हणाले. "अब्रू."

"पलंगाखाली बघा," ती म्हणाली आणि वाटी ठेवून गेली.

बायको घरात ताईची माणूस झाली होती. तिने साखरेचा डबा स्वयंपाकघराच्या सगळ्यात वरच्या फळीवर, डावीकडे नेऊन ठेवला. पंच उजव्या हाताने काढायला गेले तर तिने त्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप दिला. "सांडू नका हं. आणि तेवढी साखर काढा." बिनसाखरेचा चहा पिऊन पंचांनी काही दिवस निषेध नोंदवला. मग एके सकाळी बोटाची टोकं डब्याला लागली. डबा आला तो थेट डोक्यावरच, पण आला. साखर केसांतून झटकताना पंच इतके खूश झाले, की बायकोने तो ओटा तक्रार न करता पुसला.

सुधारणा होत होती, पण तिचा वेग बघता बर्फ वितळतो म्हणणं बर्फाचा अपमान झाला असता. शर्ट आता दोन्ही बाह्यांतून अंगात जाई. पाठ खाजवता येई, अर्थात खाजेने थोडं खाली यायची तयारी दाखवली तर. काचेचं मोठं तावदान दोन्ही हातांत धरून भिंतीला टेकवता येई. फक्त षटकार येत नव्हता. हात वाइडच्या बराच वर गेला होता आणि षटकाराच्या बराच खाली थांबला होता. या मधल्या जागेला क्रिकेटच्या नियमांत नाव नाही.

सराव करायला दुकानाएवढी चांगली जागा नव्हती. सगळीकडे आरसे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पंच मोठ्या आरशापुढे उभे राहत आणि दोन्ही हात वर नेऊन बघत. एका दुपारी ते असेच, दाराकडे पाठ, हात वर, दात आवळलेले, चेहरा वेदनेने पिळवटलेला. तेवढ्यात मागे दार वाजलं. आरशात दिसलं ते असं, की एक अनोळखी गृहस्थ, बगलेत फुटक्या काचेची तसबीर, आत आला, पंचांना बघून जागीच थिजला, त्याने तसबीर हळूच खाली ठेवली आणि स्वतःचेही दोन्ही हात वर केले.

"माझ्याकडे फक्त ही तसबीर आहे हो," तो पडलेल्या आवाजात म्हणाला. "सासऱ्यांची आहे. घेऊन टाका."

पंच वळले. तो कुणाला घाबरतोय हे समजायला त्यांना वेळ लागला. त्याला मात्र दरोडेखोर कुठे लपलाय हे समजेना. दोघेही हात वर केलेले, एकमेकांकडे बघतायत.

"किती वर्षं खेळताय?" पंचांनी शेवटी विचारलं.

"काय?"

"काही नाही. तुमचा षटकार माझ्यापेक्षा चांगला आहे."

हा किस्सा पंचांनी घरी सांगितला आणि बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पंचही हसले. पण जेवताना त्यांना तेच आठवत राहिलं. त्या माणसाने घाबरून, काही विचार न करता, हात सरळ वर केले होते. इतकं सोपं होतं ते.

नंतर खांदा अडला. आठवडे गेले, फायनल जवळ आली, आणि हात कालच्या जागेवरून तसूभर हलेना. पंचांनी ताईच्या नकळत जोर लावला, खांदा सुजला, आणि हात उलट खाली आला. ताई रागावली नाही. त्यामुळेच ते घाबरले.

"काका, एक सांगू? बऱ्याच जणांचा खांदा जवळजवळ पहिल्यासारखा होतो. पण शेवटचं थोडंसं कधीकधी फार उशिरा येतं. दोन वर्षांनीही येतं. आणि कधीकधी येतच नाही. कामं सगळी होतात, माणूस ते विसरूनही जातो."

"षटकार द्यायला लागत नसेल तर विसरतो," पंच म्हणाले.

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना त्यांनी बायकोसमोर विषय काढला. ती कात्रणं झाडत होती. काचेची कात्रणं झाडताना ती कुणाकडे बघत नसे.

"तुला माहीत असतं मी काय देतोय ते. माझ्या तोंडावरून कळतं. मग दिसला म्हणायला काय जातं तुझं?"

"माझं?" झाडू थांबला. "अहो, तुमच्या खुणेवर दोन्ही संघ तोंड मिटतात ते कशामुळे? तुम्ही देखणे आहात म्हणून? तंबूतली बाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघून लिहीत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे म्हणून. एकदा लिहिलं, की तुमचा षटकारही गेला आणि माझा तंबूही."

पंचांनी गल्ला बंद केला.

"आणि षटकाराचा नियम काय आहे, म्हणा एकदा."

"तुला माहीत आहे."

"तुम्ही म्हणा. सगळे नियम पाठ आहेत ना तुम्हाला?"

पंच कुलपाशी खाटखूट करू लागले. नियम त्यांना पाठ होता, आणि पहिल्या सामन्यापासून ते त्या नियमाला घरात आलेल्या नकोशा पाहुण्यासारखं टाळत होते. दोन्ही हात डोक्याच्या वर. एवढंच. 'सरळ' हा शब्द नियमात नव्हता. तो त्यांनी स्वतः घातला होता. कोपरात वाकवला तर त्यांचा डावा हात डोक्याच्या वर आजही जात होता.

"कोपर वाकवून?" ते उखडले. "मैदानाच्या मधोमध? दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्यासारखा दिसेन मी!"

"दिसा की," बायको म्हणाली. "मी रोज दिसते."

परीक्षेच्या दिवशी मैदानावर चौघेच होते. खेळपट्टीशी पंच, त्यांच्याजवळ चहाचा पेला घेतलेले सचिव, तंबूत बायको, आणि लांब रोलरला टेकलेला मैदानाचा माळी, ज्याला काही काम नव्हतं आणि हे बघायला मिळणार होतं.

"चला, पंच. एकदम सोपं. वाटणारसुद्धा नाही," सचिव म्हणाले.

पंचांनी ठरवून आपला जुना षटकार दिला. सरळ, खांबासारखा. उजवा गेला. डावा त्या बिननावाच्या जागेत जाऊन थांबला. ते थांबले. रुमाल हलला नाही.

"पुन्हा देतो," ते म्हणाले, आणि या वेळी, माहीत असून, वाकले. कंबर उजवीकडे, टाचा वर, मान तिरकी. डावा हात आकाशाकडे रोखलेला, बाकीचे पंच शेजारच्या गावाला निघाल्यासारखे.

रुमाल हलला नाही.

"वहिनी," सचिव तोंडाशी हात धरून ओरडले, "द्या की पोच! चहा निवतोय!"

"झाड पडताना दिसलं," तंबूतून उत्तर आलं. "षटकार नाही दिसला."

माळी मोठ्याने हसला. पंच सरळ झाले. तंबू लांब होता, तरी बायको दोन्ही हात टेबलावर टेकून, पुढे झुकून, डोळे ताणून बघतेय हे त्यांना दिसलं. ती पोच नाकारायला बसली नव्हती. ती वाट बघत होती. इतकी वर्षं ती अशीच बघत आलीय, हे त्यांनी खेळपट्टीवरून कधी नीट पाहिलं नव्हतं, कारण त्या वेळी त्यांचं लक्ष स्वतःच्या हातांकडे असे.

त्यांनी दोन्ही कोपरं वाकवली आणि हात वर घेतले. तळवे डोक्याच्या वर आले. एक थोडा उंच, एक थोडा ठेंगणा, दोन्ही कोपरं बाहेर आलेली. शोभा म्हणाल तर शून्य.

रुमाल इतक्या जोरात हलला, की हातातून सुटून टेबलाखाली गेला.

"बल्ब बदलताय का, पंच?" माळ्याने विचारलं.

"हो. वरचा," पंच म्हणाले.

"बघा, दुखलं नाही ना?" सचिव म्हणाले आणि निवलेला चहा एका घोटात संपवला. दुखलं होतंच, पण कुठे ते पंचांनी सांगितलं नाही.

फायनलला मैदान भरलं. दुकानातली गिऱ्हाईकं आली, शेजारीण आली, सासऱ्यांच्या तसबिरीवाला गृहस्थ आला. ताईसुद्धा आली. तिने जन्मात क्रिकेट पाहिलं नव्हतं. बायकोने तिला तंबूत आपल्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसवलं.

बराच वेळ षटकार बसलाच नाही. मग पोस्टमनला बेकरीवाल्याचा एक गुबगुबीत चेंडू मिळाला, आणि तो तंबूवरून पलीकडे गेला.

पंचांनी श्वास घेतला, कोपरं वाकवली आणि हात वर केले. कुठूनतरी हसू फुटलं. कुणीतरी "बल्ब!" म्हणून ओरडलं. माळीच असणार. मग टाळ्या सुरू झाल्या, आधी तुरळक, मग चांगल्या दणदणीत. पंचांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी तंबूकडे पाहिलं.

रुमाल हलत नव्हता.

त्यांनी हात जरा नीट केले. कंबर तपासली, सरळ होती. टाचा जमिनीवर होत्या. नियमाप्रमाणे सगळं होतं. तरी रुमाल हलत नव्हता. टाळ्या थांबल्या. आता आणखी काय राहिलं?

मग त्यांना दिसलं. बायकोच्या हातात रुमाल होता, हात अर्धा वरही आला होता, आणि ताईने तिचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

तंबूत काय झालं ते त्यांना मागून कळलं. ताईने विचारलं होतं, "काकू, काका हात खाली कधी आणतात?"

"मी रुमाल हलवला की."

"आणि तुम्ही नाही हलवला तर?"

"तर तसेच राहतील. शिस्तच आहे तशी."

"स्वतःहून? न वाकता? कुरकुर न करता?" ताई खुर्चीतून उठली होती. "थांबा, काकू, थांबा! महिनोन् महिने सांगतेय, वर नेलात की तिथे धरून ठेवा, तेव्हाच आतलं ताणलं जातं. माझ्याकडे दोन श्वाससुद्धा धरत नाहीत!"

मैदानात यातलं काही कुणाला माहीत नव्हतं. चेंडू परत आला होता. बेकरीवाला तो चोळत उभा होता.

"पंच, टाकू?"

"थांब. पोच नाही आली."

"मग हात तरी उतरवा."

"पोच नाही आली म्हणतोय ना!"

क्षेत्ररक्षक एकेक करून खाली बसले. पोस्टमन बॅटवर रेलून पंचांकडे बघत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "पंच, डावा हात जरासा वर सरकला बघा."

पंचांनी वर पाहिलं नाही. वर पाहिलं की मान वाकते. पण खांद्यात काहीतरी आवळलेलं, अगदी किंचित, सैल पडल्यासारखं त्यांनाही वाटत होतं. दुखत होतं, पण ते दुखणं त्यांच्या बाजूचं होतं.

"अगं ए!" ते तंबूकडे बघून गरजले. "दिसतंय का नाही?"

"दिसतंय!" बायकोचा आवाज आला, हसण्यात अर्धा बुडालेला. "झकास दिसतंय! राहा तसेच!"